वाघांचं तूप, उंदरांचा केक

चार वाघ एकमेकांच्या शेपट्या तोंडात धरून झाडाभोवती धावत सुटले. इतके जोरात धावले, की वितळून त्यांचं तूप झालं. त्या तुपात गोष्टीतल्या मुलाच्या आईने पॅनकेक तळले आणि मुलाने एकट्याने १६९ फस्त केले. हेलन बॅनरमन या स्कॉटिश लेखिकेने ही गोष्ट स्वतःच्या मुलींसाठी रचली, चित्रंही स्वतःच काढली आणि १८९९ मध्ये ती लंडनला छापली गेली. हेलनबाईंचा संसार भारतात होता. त्यांचे पती सरकारी वैद्यकीय सेवेत डॉक्टर होते आणि पुढे परळच्या प्लेग प्रयोगशाळेचे, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेचे, प्रमुख झाले. वितळलेल्या लोण्याला भारतात तूप म्हणतात, हे बाईंनी गोष्टीतच सांगून टाकलं आहे.

‘लिटल ब्लॅक साम्बो’ या त्यांच्या पुस्तकाचं नाव आणि त्यातली चित्रं कृष्णवर्णीयांना अपमानास्पद वाटली. ती टीका रास्त होती. याच कारणाने जपानमध्ये १९८८ मध्ये ते बाजारातून काढून घेण्यात आलं आणि २००५ मध्ये पुन्हा छापलं गेलं. पण त्याआधी जपानी मुलांच्या दोन पिढ्या त्या पॅनकेकवर लुब्ध झाल्या होत्या. टोकियोतल्या एका पाळणाघरात रिएको नाकागावा नावाची तरुण शिक्षिका मुलांना हे पुस्तक वाचून दाखवायची. मुलं पॅनकेकच्या पानाशी रेंगाळतात, हे तिच्या लक्षात आलं. तिला वाटलं, आपण आपल्या मुलांना याहून भारी मेजवानी द्यावी: भरपूर अंडी घातलेला मऊ, पिवळाधमक कॅस्टेला केक. युद्धानंतरच्या टंचाईत वाढलेल्या पिढीला अंड्यांचं अप्रूप किती, हे वेगळं सांगायला नको.

त्यातून १९६३ मध्ये ‘गुरी आणि गुरा’ची गोष्ट मासिकात आली आणि १९६७ मध्ये तिचं पुस्तक झालं. चित्रं रिएकोच्या धाकट्या बहिणीची, युरिको यांची. गुरी आणि गुरा या दोन रानउंदरांना जंगलात फिरताना एक प्रचंड अंडं सापडतं. ते उचलून घरी नेता येत नाही, म्हणून घरातली कढईच जंगलात येते. पीठ, साखर, दूध, लोणी, सगळं येतं. अंड्याचं कवच फुटता फुटत नाही, शेवटी दगडाने फोडावं लागतं. केक शिजू लागतो, वास रानभर पसरतो आणि एकेक प्राणी येऊन चुलीभोवती बसतो. झाकण उघडतं त्या पानावर कढईच्या काठाच्या वर फुगून आलेला तो पिवळा केक आहे. कुणालाही हाकलून दिलं जात नाही, सगळे मिळून खातात. उरलेल्या कवचाची उंदरांनी गाडी केली.

या पुस्तकात उपदेशाचा एक शब्द नाही, तरी चार वर्षांच्या मुलाला त्यातून केवढं मिळतं! खाणं आपोआप ताटात येत नाही, ते करावं लागतं. करायला वेळ लागतो. त्या वेळात वास येतो, भूक वाढते, माणसं जमतात. जमलेल्यांना द्यायचं असतं. खाण्यावरच्या चांगल्या चित्रपुस्तकाची माझी कसोटी हीच आहे. पालक खा म्हणजे ताकद येईल, असं बजावणारी पुस्तकं ढिगाने निघतात. त्यांत गाजराला डोळे असतात आणि भेंडी हसत असते. मुलं ती एकदा पाहतात आणि ठेवून देतात. त्यांना उपदेश लगेच ओळखू येतो.

जाता जाता: हा कॅस्टेला मुळात पोर्तुगिजांचा. सोळाव्या शतकात तो त्यांच्या जहाजांबरोबर नागासाकीला पोचला. त्याच शतकात त्यांनी गोव्यात पावाची भट्टी लावली. पहाटे सायकलचा भोंगा वाजवत गल्लीबोळांतून फिरणारा तिथला पाववाला पोदेर आणि जपानी उंदरांची कढई यांचं असं दूरचं नातं आहे.

भुकेचं सर्वांत गाजलेलं चित्रपुस्तक एरिक कार्ल यांचं, ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’, १९६९ चं. कार्ल यांचा जन्म १९२९ मध्ये अमेरिकेतला, पण ते सहा वर्षांचे असताना आईवडील जर्मनीला परतले आणि मुलाचं बालपण युद्धात सापडलं. वडील सैन्यात गेले, रशियनांच्या कैदेत पडले आणि युद्ध संपल्यावर दोन वर्षांनी खंगून परत आले. ही पार्श्वभूमी माहीत झाल्यावर त्या अळीचा शनिवार मला वेगळाच दिसू लागला. आठवडाभर फळं खाणारी अळी त्या दिवशी केक, आइस्क्रीम, चीज, सॉसेज, जे दिसेल ते खात सुटते. उपाशी मुलाने मनात मांडलेलं ताट असंच असणार, असं मला वाटतं.

पुस्तकाची सुरुवात मात्र खेळातून झाली. कागदांच्या गठ्ठ्याला पंचने भोक पाडताना कार्ल यांना पुस्तकं पोखरणारा किडा सुचला. संपादिका अ‍ॅन बेनेड्यूस यांना किडा तितकासा आवडला नाही. त्यांनी अळी सुचवली आणि अळी म्हटल्यावर फुलपाखरू आलंच. लहान-मोठ्या रुंदीची पानं आणि प्रत्येक फळाला आरपार भोक, असली छपाई अमेरिकेत परवडेना. बेनेड्यूस यांनी जपानमध्ये मुद्रक शोधला. पुढे जगभरात या पुस्तकाच्या पाच कोटींहून जास्त प्रती खपल्या. त्या भोकात बोट घालून पाहिलं नाही असं मूल मला अजून भेटायचं आहे.

पेरण्या-उगवण्याच्या पुस्तकांत मला सर्वांत थोर वाटतं ते रूथ क्राउस यांचं ‘द कॅरट सीड’. १९४५ चं हे पुस्तक, चित्रं त्यांचे पती क्रॉकेट जॉन्सन यांची. मजकूर शंभरएक शब्दांचा. मुलगा गाजराचं बी लावतो. आई, वडील, मोठा भाऊ, सगळे म्हणतात, हे काही उगवणार नाही. मुलगा वाद घालत नाही. रोज तण काढतो, पाणी घालतो. कितीतरी पानं जमिनीवर काहीच घडत नाही. गाजराचं बी खरोखरच दोन-तीन आठवडे तोंड दाखवत नाही, त्यामुळे ही निव्वळ कल्पनाही नाही. पानावर काहीही न घडू देण्याची हिंमत फार थोड्या लेखकांत असते. लोइस एहलर्ट यांचं ‘ग्रोइंग व्हेजिटेबल सूप’ (१९८७) याच्या उलट, भडक रंगांनी भरलेलं आहे. बी, रोप, फावडं, झारी, प्रत्येकाला नाव, आणि वाफ्यापासून वाडग्यापर्यंतचा सगळा प्रवास.

अन्नाच्या आडून इतिहास सांगणारी पुस्तकं अलीकडे अमेरिकेत जोमाने निघाली आहेत. सेमिनोल या मूळनिवासी जमातीचे केव्हिन नोबल मेलार्ड यांचं ‘फ्राय ब्रेड’ २०१९ चं. १८६४ मध्ये नाव्हाहो मूळनिवासी लोकांना त्यांच्या भूमीवरून हुसकावून शेकडो मैल चालवत नेलं गेलं. मका, घेवडा पिकवून खाणाऱ्या त्या माणसांच्या हातात सरकारी शिध्याचं पीठ, साखर, मीठ आणि चरबी पडली. त्यातून ही तळलेली पोळी जन्मली. ज्या पदार्थावर आज कुटुंबं प्रेमाने जमतात, त्याच्या मुळाशी अशी विस्थापनाची कथा आहे आणि मेलार्ड ती मुलांपासून लपवत नाहीत. अँड्रिया वांग यांच्या ‘वॉटरक्रेस’मध्ये (२०२१) चिनी आईवडील ओहायोत रस्त्याकडेच्या चरातून रानभाजी खुडतात आणि मुलगी लाजेने चूर होते. मग आई चीनमधल्या दुष्काळाची आणि आपल्या धाकट्या भावाची हकीकत सांगते. त्यातल्या जेसन चिन यांच्या जलरंगांना २०२२ चं कॅल्डेकॉट पदक मिळालं. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, शेवळं खुडणाऱ्या आपल्या माणसांच्या मुलांनाही शाळेत हीच लाज वाटत असेल. त्यांच्यासाठी असं पुस्तक हवं.

आपल्याकडे काहीच नाही असं मुळीच नाही. चेन्नईच्या कराडी टेल्सचं ‘थुकपा फॉर ऑल’ लडाखमधलं आहे. त्यातल्या त्सेरिंगला डोळ्यांनी दिसत नाही. तो गाव ऐकत आणि हुंगत आजीच्या थुकप्याकडे, म्हणजे शेवयांच्या सूपकडे, निघतो, वाटेत भेटेल त्याला जेवायला बोलावतो. वीज जाते आणि अंधारात त्याचेच हात उपयोगी पडतात. प्रथम बुक्सच्या ‘दम दम-अ-दम बिर्याणी’त चार जणांची कृती मोठ्या पंगतीला पुरवण्यासाठी मुलांना गुणाकार करावा लागतो. याच संस्थेच्या २०१५ मध्ये सुरू झालेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टीही फुकट वाचता येतात. आणि चेन्नईच्याच तारा बुक्सचं ‘डू!’: रमेश हेंगडी, शांताराम धडपे आणि त्यांच्या घरच्यांनी गीता वुल्फ यांच्याबरोबर केलेलं. खपणं, रांधणं, नाचणं, सगळी कामं वारली रेषेत. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायची ही चित्रं. जे शिजतं त्यानेच भिंत रंगते. आपल्या पालघर-डहाणूकडची ही कला चेन्नईहून पुस्तकात आली, याची मला खंत वाटते.

मराठीत चित्रपुस्तकाला कसदार रूप दिलं ते माधुरी पुरंदरे यांनी. स्वतः लिहायचं आणि स्वतः रेखाटायचं, तेही घरातली साधी माणसं, साधे प्रसंग. २०१४ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. ज्योत्स्ना प्रकाशनाने अशी पुस्तकं नेटाने काढली. या वाटेवर आपल्या स्वयंपाकघरातला केवढा ऐवज अजून पडून आहे! तव्यावरची भाकरी टम्म फुगते, तो क्षण पान उलटण्यासाठीच आहे. हुरड्याची आगटी, फणसाची साठं, गच्चीवर काठी घेऊन कावळे हाकलत बसलेली पोरं. कुरडयांचंच बघा. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, निवळू द्यायचा, शिजवायचा, सोऱ्यातून उन्हात घालायचा. मध्येच मुलांना वाटीभर गरम चीक मिळतो. गोष्टीची सगळी वळणं इथे आयतीच आहेत.

म्हणून दोन मागण्या. पालकांनी या दिवाळीत फराळाच्या यादीत मुलासाठी एक चित्रपुस्तक लिहावं, आणि ते वाचून झाल्यावर मुलाला शंकरपाळी कापायला बसवावं. चित्रकार-लेखकांनी येत्या चैत्रात वही घेऊन कुणाच्या तरी गच्चीवर वाळवणाला हजर राहावं. परातीचा काठ, सोऱ्याची मूठ, ओल्या चिकाचा रंग नीट पाहून काढावा. आणि पुस्तक निघेल तेव्हा ज्या आजीने कुरडया घालून दाखवल्या, तिचं नाव मुखपृष्ठावर आपल्या नावाशेजारी छापावं.