जुन्या चमच्याची 'चांदीची' अंगठी: आत नेमकं काय असतं?

जुने चमचे वाकवून अंगठी बनवण्याचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण सुट्टीच्या दिवशी वसईतल्या गासच्या घरी मीही हे करते. माझ्या मावसबहिणीने एका प्रदर्शनात अशीच 'चांदीची' अंगठी घेतली. चौथ्या दिवशी बोटावर लाल चट्टा आणि खाज! कारण समजून घेऊया.

ईपीएनएस म्हणजे काय?
चमच्यामागे हा शिक्का असेल, तर तो विजेने चांदीचा मुलामा दिलेला 'निकेल सिल्व्हर' आहे. यालाच आपण जर्मन सिल्व्हर म्हणतो. नाव फसवं आहे, त्यात चांदी नसतेच. साधारण ६० टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त. चांदी फक्त वर, काही मायक्रॉनच्या थरात. या मुलाम्याचं पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये घेतलं.

अंगठी कशी बनवायची?
आधी माप काढा: ३.१४ × (आतला व्यास + धातूची जाडी). व्यास १७ मिमी आणि जाडी २ मिमी असेल, तर साधारण ६० मिमी दांडा लागतो. तो करवतीने कापा, कडा कानशीने गोल करा आणि गोल लोखंडी दांड्यावर लाकडी हातोडीने हळूहळू वळवा. ज्वाळेवर तापवू नका. मुलामा खराब होतो आणि धातू फार तापला तर जस्ताचा धूर निघतो, तो फुफ्फुसांना वाईट.

खरी अडचण: निकेल
कापलेल्या कडेवर मुलामा उरत नाही. आतली बाजूही वापराने झिजते. मग घामात निकेल विरघळतं आणि ॲलर्जी असलेल्याला खाज सुटते. म्हणूनच युरोपीय संघाने त्वचेला सतत लागणाऱ्या वस्तूंसाठी मर्यादा घातली आहे: दर चौरस सेंटिमीटरला आठवड्याला ०.५ मायक्रोग्राम.

तपासणी सोपी आहे. डायमिथाइल ग्लायॉक्झिम असलेलं निकेल टेस्ट किट घ्या आणि कापसाने अंगठी घासा. कापूस गुलाबी झाला, तर निकेल सुटतंय.

मग काय बनवावं?
की-चेन, बुकमार्क किंवा कपड्यावर येणारं पेंडंट. टोचलेल्या कानासाठी मात्र नकोच.

आणि विकताना 'चांदीचा मुलामा' असंच लिहा. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या दागिन्यांनाही एचयूआयडी हॉलमार्क मिळतो, तो ऐच्छिक आहे. मुलाम्याच्या वस्तूला तो मिळत नाही. घेणाऱ्याला काय घेतोय ते कळलं, तर बोट आणि पैसे दोन्ही वाचतात.