गळाला पिसाची माशी

गळाला गांडूळ लावलेले तुम्ही पाहिले असेल. इंग्लंडात यॉर्कशायरच्या थंड नद्यांतला ट्राउट मासा मात्र चक्क पिसाला फसतो! गळाच्या दांडीवर मेण लावलेला नारिंगी रेशमी दोरा गुंडाळायचा, नाक्यामागे तिथल्या तितराचे ठिपकेदार तपकिरी पीस वेढायचे, की झाली माशी. ती पाण्याखाली सोडतात. अशा माश्यांवर टी. ई. प्रिट यांनी १८८५ साली पुस्तकच काढले.

नवशिका चुकतो तो पिसापाशी. माशी देखणी दिसावी म्हणून तो चार-पाच वेढे देतो आणि तिचा कुंचा करून ठेवतो. वेढे दोनच द्या. मोजके तंतू प्रवाहात हलतात, माशाला बुडता किडा जिवंत वाटतो. शेवटची गाठ मात्र घट्ट मारा. सैल राहिली तर पहिलाच मासा सगळे उसवून जातो.