'अन्यतम' भाषेची मागणी

पूर्व बंगालच्या भाषाचळवळीचे मर्म 'अन्यतम' या एका शब्दात आहे. मराठीत हा शब्द बहुधा 'अद्वितीय' या अर्थाने योजला जातो, परंतु 'अनेकांपैकी एक' हा त्याचा मूळ संस्कृत अर्थ बंगालीने टिकवून ठेवला आहे, आणि तेथील मागणी बंगालीला पाकिस्तानची 'अन्यतम राष्ट्रभाषा' करावी, एवढीच होती. राष्ट्रभाषा म्हणजे येथे राज्यकारभाराची भाषा. उर्दूला तिच्या स्थानावरून हटवावे असे या मागणीत नव्हते, आणि ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय पुढे सांडलेल्या रक्ताची भीषणता कळत नाही.

फाळणीनंतर महिनाभरातच, १५ सप्टेंबर १९४७ रोजी, ढाका विद्यापीठातील अध्यापक अबुल काशेम यांच्या 'तमद्दुन मजलिस' या सांस्कृतिक संस्थेने एक पुस्तिका काढून पूर्व बंगालातील शिक्षण, न्यायालये आणि कचेऱ्या बंगालीतून चालाव्यात व केंद्र सरकारच्या भाषा उर्दू आणि बंगाली अशा दोन असाव्यात, असे मांडले होते. प्रश्न केवळ अस्मितेचा नव्हता. ज्या भाषेत सरकारी परीक्षा होणार, त्याच भाषेच्या लोकांच्या हाती नोकऱ्या आणि पर्यायाने सत्ता जाणार, हे शिकू लागलेल्या बंगाली तरुणांना स्पष्ट दिसत होते.

२५ फेब्रुवारी १९४८ रोजी कराचीत भरलेल्या संविधान सभेत कुमिल्लाचे वकील धीरेंद्रनाथ दत्त यांनी, सभागृहात उर्दू व इंग्रजीबरोबर बंगालीही वापरता यावी, अशी दुरुस्ती सुचवली. देशाच्या ६ कोटी ९० लाख लोकांपैकी ४ कोटी ४० लाख बंगाली बोलतात, हा आकडा त्यांनी मांडला, पण त्याहून बोलका होता तो मनिऑर्डरच्या फॉर्मचा दाखला: ढाक्यात शिकणाऱ्या मुलाला पैसे धाडू पाहणाऱ्या गरीब शेतकऱ्याला टपाल कचेरीत उर्दूत छापलेला फॉर्म मिळतो आणि तो त्याला वाचताच येत नाही. पंतप्रधान लियाकत अली खान यांनी या सूचनेत फुटीचा वास घेतला, आणि ती फेटाळली गेली. महिन्याभरात, २१ मार्चला, खुद्द महंमद अली जिना यांनी ढाक्यातील जाहीर सभेत उर्दू हीच एकमेव राष्ट्रभाषा राहील, असे बजावले.

यानंतर बंगाली अरबी लिपीत लिहिण्याचा घाट घातला गेला. केंद्रीय शिक्षणमंत्री फजलुर रहमान स्वतः बंगाली असूनही या योजनेचे पुरस्कर्ते होते. मुहम्मद शहीदुल्ला यांच्यासारख्या भाषापंडिताने तिला कडाडून विरोध केला. लिपी बदलली असती, तर पुढच्या पिढीला आपलेच जुने साहित्य परके झाले असते.

२७ जानेवारी १९५२ रोजी पंतप्रधान ख्वाजा नझिमुद्दीन यांनी ढाक्यात उर्दूचाच पुनरुच्चार केला. २१ फेब्रुवारीला विद्यार्थ्यांनी जमावबंदीचे १४४ कलम मोडले आणि दुपारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहाजवळ पोलिसांनी गोळीबार केला. त्यात रफिकुद्दीन अहमद, अब्दुल जब्बार आणि राज्यशास्त्राचे विद्यार्थी अबुल बरकत यांचा बळी गेला. दुसऱ्या दिवशी हायकोर्टातील कर्मचारी शफिउर रहमान ठार झाले, तर जखमी अब्दुस सलाम यांनी ७ एप्रिलला प्राण सोडला. विद्यार्थ्यांनी २३ फेब्रुवारीच्या रात्री हाताने उभारलेला शहीद मिनार पोलिसांनी तीनच दिवसांत पाडून टाकला.

विटांचा तो मिनार पाडता आला, मतपेटी मात्र आवरता आली नाही. १९५४ च्या प्रांतिक निवडणुकीत 'अन्यतम राष्ट्रभाषा' हे ज्याच्या एकवीस कलमी कार्यक्रमाचे पहिलेच कलम होते, त्या 'युक्तफ्रंट'ने मुस्लिम लीगचा धुव्वा उडवला. गोळीबाराच्या वेळचे मुख्यमंत्री नुरुल अमीन यांनाही स्वतःची जागा राखता आली नाही. अखेर १९५६ च्या राज्यघटनेने उर्दू आणि बंगाली या दोन्ही भाषांना राष्ट्रभाषा म्हणून मान्यता दिली. जे आठ वर्षांपूर्वी एका साध्या ठरावाने देता आले असते, ते इतक्या जिवांच्या मोलाने मिळाले. युनेस्कोने १७ नोव्हेंबर १९९९ रोजी २१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन ठरवला, त्यामागेही हाच इतिहास आहे.

धीरेंद्रनाथ दत्त फाळणीनंतर भारतात आले नाहीत. ते कुमिल्लातच राहिले. मार्च १९७१ च्या अखेरीस, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षाच्या आसपास, पाकिस्तानी लष्कराने त्यांना मुलासह घरातून उचलून नेले. दोघेही परत आले नाहीत.