ऑडिओ इंटरफेस: ऐकीव गोष्टी आणि खरी गरज

घरच्या संगणकावर गाणं, अभिवाचन किंवा पॉडकास्ट रेकॉर्ड करायचं ठरलं, की पहिला सल्ला मिळतो तो 'आधी एक चांगला इंटरफेस घे' असा. सल्ला चुकीचा नाही. पण 'चांगला' म्हणजे काय, याबद्दल इतक्या ऐकीव गोष्टी पसरल्या आहेत की नवखा माणूस एकतर गरजेच्या दुप्पट पैसे घालवतो, नाहीतर भलतंच यंत्र घरी आणतो.

इंटरफेसचं काम मोजकं आहे. माइकमधून येणारा अगदी क्षीण विद्युतप्रवाह तो वाढवतो, त्याचे आकडे करून यूएसबीतून संगणकाला देतो आणि संगणकातला आवाज हेडफोनपर्यंत आणतो. आवाज गोड करणं हे त्याचं काम नाही.

सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज म्हणजे '१९२ किलोहर्ट्झवालाच घ्यावा'. माणसाच्या कानाला जास्तीत जास्त २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो आणि तेवढा टिपायला त्याच्या दुपटीहून थोडा जास्त सॅम्पल रेट पुरतो. १९८२ साली बाजारात आलेली सीडी ४४.१ वर चालते ती याच हिशोबाने. घरगुती कामाला ४८ भरपूर झालं. १९२ वर मिनिटभराची २४ बिट मोनो फाइल ८.६ एमबीऐवजी साडेचौतीस एमबीची होते, ऐकणाऱ्याला मात्र फरक कळत नाही.

२४ बिटचं तसं नाही, त्याचा खरोखर उपयोग होतो. १६ बिटमध्ये बारीक आणि मोठ्या आवाजातलं अंतर साधारण ९६ डेसिबल मिळतं. २४ बिटमध्ये कागदावर ते १४४ असतं आणि प्रत्यक्षात त्याहून कमी मिळालं, तरी गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवण्याचं प्रमाण, खाली ठेवून बिनधास्त गाता येतं. रेकॉर्डिंगआधी गाण्यातली सगळ्यात जोरकस जागा, तार सप्तकातली तान म्हणा, पूर्ण जोर लावून घ्या आणि मीटर उणे १२ च्या आसपास राहील एवढाच गेन ठेवा. मीटर शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर पूर्ववत होत नाही. नुसती किंमत जास्त म्हणून हे टळत नाही.

'स्वस्त इंटरफेसमध्ये आपलाच आवाज आपल्याला उशिरा ऐकू येतो' ही तक्रार अर्धीच खरी. उशीर मुख्यतः बफर (संगणक एका दमात हाताळतो तेवढे सॅम्पल) आणि ड्रायव्हरवर ठरतो. ४४.१ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे ३ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे २३. हे झालं एका दिशेचं, परतीचा वेळ त्यात वेगळा मिळवायचा. रेकॉर्ड करताना बफर लहान ठेवा, मिक्सिंगला मोठा. शिवाय बऱ्याच इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर'चं बटण असतं. ते दाबलं की माइकचा आवाज संगणकाला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये येतो आणि हा प्रश्नच उरत नाही. विंडोज वापरत असाल तर उशीर कमी ठेवणारा, कंपनीचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर मिळतो का, हे विकत घेण्याआधी बघा. मॅकमध्ये ही सोय आतच असते.

यूएसबी-सी म्हणजे जास्त वेग, असंही ऐकू येतं. सी हा फक्त खाचेचा आकार आहे. दोन चॅनेलना सेकंदाला सव्वादोन-अडीच मेगाबिट लागतात आणि जुन्या यूएसबी २ ची क्षमता ४८० ची आहे.

पैसे खरे वाया जातात ते इनपुट मोजण्यात चूक झाली की. खोक्यावर '२ इनपुट' लिहिलेलं असलं तरी दोन माइक जोडता येतीलच असं नाही. फोकसराइटच्या स्कारलेट सोलोला किंवा बेहरिंगरच्या यूएमसी२२ ला माइक एकच जोडता येतो, दुसरी खाच गिटार किंवा कीबोर्डसाठी असते. एकट्याने अभिवाचन करणाऱ्याला तेवढं पुरे. पण पेटी वाजवत गाणाऱ्याला गळा आणि पेटी वेगळी हवी असते, तबलजीला तबला आणि डग्गा. अशांनी स्कारलेट २आय२ किंवा यूएमसी२०२एचडीसारखा दोन माइकचा इंटरफेसच घ्यावा. जादा पैसे मोजायचेच असतील, तर ते या दुसऱ्या माइकच्या जागेसाठी मोजावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

'४८ व्होल्टचं बटण दाबलं की साधा डायनॅमिक माइक जळतो' ही भीतीही अनाठायी आहे. नीट जोडलेल्या एक्सएलआर केबलच्या दोन्ही तारांवर तो दाब सारखाच असतो, त्यामुळे माइकच्या कॉइलमधून प्रवाह जात नाही. जपायचं ते जुन्या रिबन माइकला. कंडेन्सर माइक मात्र या ४८ व्होल्टशिवाय बहुधा बोलतच नाही.

आवाज एकाच कानात येतोय म्हणून इंटरफेस परत करणारेही आहेत. सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक स्टीरिओऐवजी मोनो करा, आवाज मध्यभागी येतो. गुणगुण ऐकू आली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गुणगुण थांबली तर दोष बहुतेक वेळा चार्जरचा किंवा घरच्या अर्थिंगचा असतो, इंटरफेसचा नव्हे.

आजच्या साध्या इंटरफेसचा खरखराटही घरातल्या पंख्यापेक्षा कमी असतो. खरी अडचण खोलीची असते: गुळगुळीत फरशी आणि मोकळ्या भिंतींवरून परतणारा घुमारा कुठलंही महागडं यंत्र काढून टाकत नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून बसा, पाठीमागून येणारा घुमारा कपडे शोषून घेतात. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा, पंखा बंद करा.

तेव्हा ऑर्डर देण्याआधी एवढं ठरवा: एका वेळी किती माइक लागणार, आणि तुमच्या संगणकासाठी ड्रायव्हर आहे का. माइक एकच असेल, तर नावाजलेल्या कंपनीचा सगळ्यात साधा इंटरफेस घ्या आणि उरलेल्या पैशांत स्टँड, पॉप फिल्टर आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन आणा.