चोर खुब्यात, आळ गुडघ्यावर

सहा वर्षांचा मुलगा लंगडतोय. कुठं दुखतं विचारलं की गुडघ्यावर हात ठेवतो. आई तेल चोळते, आजी म्हणते, पडला असेल कुठंतरी. गुडघ्याचा एक्स-रे काढावा तर तो स्वच्छ! दुखणं असतं खुब्यात. खुब्याच्या आणि गुडघ्याच्या काही नसा एकच, त्यामुळं चोर सोडून संन्याशाला सुळी. म्हणूनच मुलानं गुडघा दाखवला तरी हाडांचे जाणते डॉक्टर त्याला उताणं झोपवून आधी मांडी आत-बाहेर फिरवून बघतात.

खुबा म्हणजे शाळेत शिकलेला उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या उखळीत फिरतो. या माथ्याला रक्त नेणाऱ्या वाहिन्या लहानपणी फार नाजूक असतात. पर्थीस नावाच्या आजारात हा पुरवठा तुटतो आणि माथ्यातलं हाड चक्क मरतं. मूल मात्र हिंडत-खेळत असतं, जरा लंगडत. मग शरीर ते मेलेलं हाड हळूहळू खाऊन टाकतं आणि त्याच जागी नवं घालतं. दोन ते चार वर्षं चालणारं हे काम एक्स-रेत दिसतं: आधी माथा पांढराफटक, मग तुकडे-तुकडे, मग पुन्हा भरत आलेला.

पूर्वी मुलाचा खुबा दुखला की क्षय, असंच समजत. 1909 साली स्वीडनच्या वाल्डेनस्ट्रोमनी हा आजार टिपला, पण तोही सौम्य क्षय समजूनच. पुढच्याच वर्षी बॉस्टनचे लेग, फ्रान्सचे काल्व्हे आणि जर्मनीचे पर्थीस या तिघांनी, एकमेकांशी न बोलता, तो क्षयापासून वेगळा काढला. एक्स-रेचा शोध तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा होता.

मग खुब्याचं नेमकं कोणतं दुखणं, हे ओळखायचं कसं? निम्मं उत्तर वयात आहे. तान्ह्या बाळाचा खुबा उखळीतून निसटलेला असू शकतो. मुलींत हे जास्त, आणि पायाळू किंवा बूड आधी आलेल्या बाळांतही. आपल्याकडं उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खायला जातात. त्या लाथेमागचा खुबा जन्मतःच तपासायला हवा होता, हे कुणाच्या गावी नसतं. चार ते आठ हे पर्थीसचं वय, मुलग्यांत चार-पाच पट जास्त. याच वयात सर्दी-खोकल्यानंतर खुब्यात पाणी होतं, ते आठ-पंधरा दिवसांत ओसरतं. पण ताप आहे आणि मूल पाऊल टेकायलाच तयार नाही, तर सांध्यात पू असू शकतो. तिथं उद्यावर ढकलायचं नाही. वयात येणाऱ्या, बहुधा अंगानं भरलेल्या मुलाच्या मांडीच्या हाडाचा माथा वाढीच्या पट्टीवरून टोपीसारखा मागं सरकू शकतो. मांडी पोटाकडं वाकवली की त्याचा गुडघा आपसूक बाहेर वळतो.

दोन्ही खुबे एकाच वेळी, सारखेच बिघडलेले दिसले तर मात्र पर्थीसवर लगेच विश्वास ठेवू नये. थायरॉइड, हाडांच्या वाढीतला जन्मजात दोष, की सिकलसेल? नंदुरबार-गडचिरोलीकडं हा शेवटचा प्रश्न आधी विचारावा. विळ्यासारख्या वाकड्या रक्तपेशी वाहिन्या तुंबवतात आणि एक्स-रेत चित्र तेच उमटतं.

पर्थीसच्या मधल्या काळात माथा मऊ असतो. तेव्हा उखळ हाच त्याचा साचा. आत नीट बसून राहिला तर गोल घडतो, बाहेर डोकावला तर चपटा. गरजेप्रमाणं मांड्या फाकवून प्लास्टर घालतात, शस्त्रक्रिया करतात, ते त्याला साच्यात ठेवण्यासाठीच. मूल सहाच्या आतलं असेल तर बऱ्याचदा लक्ष ठेवलेलंही पुरतं. माथ्याला घडायला अजून पुष्कळ वर्षं असतात.