सॉफ्टवेअरची कोठी : बागच्या छपाईतून एक बोध

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात, कुक्षीजवळ, बाघिनी नदीच्या काठी बाग हे गाव वसले आहे. पूर्वी हा मुलूख शिंदे यांच्या ग्वाल्हेर संस्थानात मोडत असे. येथील बौद्ध लेणी व त्यांतील भित्तिचित्रे सुविख्यात आहेत. खत्री कारागिरांनी जोपासलेली कापडावरील ठशांची छपाई हे या गावाचे दुसरे भूषण होय. २००८ साली या छपाईस भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. संगणकाच्या क्षेत्रातील एक अवघड वाटणारा विषय या छपाईच्या आधारे सहज समजून घेता येतो.

कापड सिद्ध होते कसे?

कोरे कापड प्रथम एरंडेल तेल, खार व बकरीच्या लेंड्या यांच्या मिश्रणात मुरविले जाते. नंतर ते हिरड्याच्या पाण्यातून काढतात. तुरटी व चिंचोक्याची खळ यांत ठसा बुडवून उमटविला की त्या जागी पुढे तांबडा रंग चढतो. हिराकसाच्या खळीने काळा रंग येतो. त्यानंतर कापड नदीच्या वाहत्या पाण्यात धुऊन, तांब्याच्या कढईत आलिझरीन व धायटीची फुले घालून उकळले जाते.

यांपैकी बहुतेक वस्तू कारागीर स्वतः तयार करीत नाही. हिरडा रानातून येतो, तुरटी बाजारातून येते, लाकडी ठसे गुजरातेतील पेथापूरसारख्या गावच्या कारागिरांकडून कोरून येतात. एखादी वस्तू वेळेवर आली नाही तर काम अडते. ती भेसळीची निघाली तर मात्र दोष लगेच कळत नाही. तांबडा रंग खुलतो तो अखेरीस, कढईत. आणि तोवर सारी मेहनत खर्ची पडलेली असते.

उसन्या घटकांवर उभे असलेले काम

सॉफ्टवेअरची गोष्टही अशीच आहे. सात-बाराचा उतारा देणारी किंवा शाळेची हजेरी नोंदविणारी प्रणाली कोणी एकटा तंत्रज्ञ पहिल्या ओळीपासून लिहीत नाही. तारीख मांडणे, नोंदी ठेवणे, माहिती सुरक्षितपणे पाठविणे अशा कामांसाठी इतरांनी लिहून ठेवलेले तयार भाग तो वापरतो. या भागांस ‘लायब्ररी’ असे म्हणतात. आपले लेखन व हे भाग एकत्र करून चालू शकेल अशी प्रणाली सिद्ध करण्याच्या क्रियेस बांधणी, किंवा तंत्रज्ञांच्या भाषेत ‘बिल्ड’, असे नाव आहे. ज्या भागांवाचून बांधणी पुरी होत नाही, ते तिचे अवलंबित घटक होत.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. घेतलेला घटक अनेकदा आणखी काही घटकांवर अवलंबून असतो आणि तेही पुन्हा इतरांवर. तंत्रज्ञाने स्वतः दहा घटक मागितले, तरी प्रत्यक्षात शेकडो घटक दाखल होऊ शकतात. त्यांपैकी कित्येकांची नावेही त्याने ऐकलेली नसतात.

दोन बोधप्रद घटना

मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्ट भाषेच्या ‘एनपीएम’ या सार्वजनिक भांडारातून ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा घटक त्याच्या लेखकाने एका वादानंतर काढून घेतला. तो अवघ्या अकरा ओळींचा होता आणि मजकुराच्या डाव्या बाजूस रिकाम्या जागा भरणे एवढेच त्याचे काम होते. तरीही जगभरातील असंख्य प्रकल्पांची बांधणी एकाएकी थांबली. काही तासांतच तो घटक भांडारात परत ठेवावा लागला.

डिसेंबर २०२१ मधील घटना याहून गंभीर होती. जावा भाषेतील प्रणालींत नोंदी ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘लॉग-फोर-जे’ या घटकात मोठा दोष आढळला. त्याची तीव्रता दहापैकी दहा ठरविण्यात आली. दुरुस्त आवृत्ती लवकरच उपलब्ध झाली. परंतु हा घटक आपल्या कोणत्या प्रणालीत, किती थरांखाली दडला आहे, हेच अनेक संस्थांना सांगता येईना. घरात काय आहे याची यादी नसली म्हणजे औषध हाती असूनही उपयोग होत नाही, तो हा प्रकार.

कोठीची व्यवस्था

या अडचणींवरील उपाय म्हणजे ‘रिपॉझिटरी मॅनेजर’, अर्थात घटकांची कोठी सांभाळणारी व्यवस्था. ‘नेक्सस’ व ‘आर्टिफॅक्टरी’ ही तिची प्रचलित उदाहरणे होत. अशी कोठी तीन प्रकारे उपयोगी पडते. बाहेरच्या भांडारातून एकदा आणलेला घटक ती आपल्याजवळ जपून ठेवते. त्यामुळे इंटरनेट बंद पडले किंवा मूळ भांडारातून तो घटक नाहीसा झाला, तरी काम चालू राहते. संस्थेने स्वतः तयार केलेले घटक तिच्यात वेगळे ठेवता येतात. शिवाय सर्व तंत्रज्ञांना एकाच दारातून माल मिळत असल्याने कोणी काय नेले याची नोंद राहते.

या कोठीतून माल मागविण्याचे काम ‘मेव्हन’, ‘ग्रेडल’ यांसारखी साधने करतात. हव्या असलेल्या घटकांची नावे व आवृत्तींचे क्रमांक एका फाइलीत लिहून ठेवले की, त्या घटकांना लागणारे पुढचे घटकही हे साधन शोधून आणते. आवृत्तीचा क्रमांक नेमका लिहिणे अगत्याचे आहे. ‘जी नवी असेल ती’ असे लिहिल्यास आज झालेली बांधणी उद्या तशीच होईल याची शाश्वती राहत नाही. म्हणूनच कित्येक साधने प्रत्यक्ष वापरलेल्या आवृत्तींची ‘लॉक फाइल’ तयार करतात. तिच्यात प्रत्येक घटकाचा गणिती ठसाही नोंदलेला असू शकतो. घटकात एका अक्षराचा बदल झाला तरी हा ठसा जुळत नाही आणि फेरफार उघडकीस येतो.

कोठी असली म्हणजे सर्व काही साधले, असे मात्र नव्हे. कोठीत सदोष माल शिरला तर तीच त्याचे वाटप करील. २०२१ साली एका संशोधकाने मोठ्या कंपन्यांच्या अंतर्गत घटकांची नावे वापरून त्याच नावांचे घटक सार्वजनिक भांडारांत ठेवल्याचे जाहीर केले. आवृत्तीचा क्रमांक मोठा दिसताच अनेक ठिकाणी साधनांनी घरचा माल सोडून बाहेरचा उचलला. यास्तव घरच्या नावांचा माल घरच्याच कोठीतून घ्यावा, असा नियम कोठीत घालून ठेवणे आवश्यक ठरते. जुन्या घटकांची वेळोवेळी तपासणी करून दुरुस्त आवृत्ती आणणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

लोकांच्या कामाशी संबंध

सार्वजनिक भांडाराची कल्पना आपल्याकडे नवी नाही. पुणे येथे १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय संगणकप्रणाली याच पद्धतीवर चालते. डेबियनवर आधारलेल्या या प्रणालीत एखादा कार्यक्रम मागविला की त्याला लागणारे इतर घटक भांडारातून आपोआप येतात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना ही क्रिया प्रत्यक्ष दाखविल्यास अवलंबित घटक म्हणजे काय, हे त्यांना चटकन उमजेल.

अधिकारीवर्गासाठी याहून महत्त्वाची बाब म्हणजे घटकांची यादी. केंद्र शासनाच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधील घटकांच्या यादीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. कार्यालयासाठी प्रणाली तयार करवून घेताना पुरवठादाराकडे तीन गोष्टी मागाव्यात : वापरलेल्या घटकांची आवृत्तीसह संपूर्ण यादी, ते घटक जेथे जतन केले आहेत त्या कोठीची प्रत, आणि कार्यालयाच्या संगणकावर नव्याने करून दाखविलेली बांधणी. पुरवठादार बदलला तरी काम पुढे चालू राहील, याची हमी या तीन गोष्टींत आहे.

उताऱ्यासाठी पहाटेची गाडी धरून तालुक्याला आलेल्या शेतकऱ्यास लायब्ररी किंवा आवृत्ती यांच्याशी कर्तव्य नसते. त्याला कागद हवा असतो आणि तो न मिळाल्यास त्याचा दिवस व भाडे दोन्ही वाया जातात. बागचा कारागीर नदीचे वाहते पाणी कोठीत भरून ठेवू शकत नाही. परंतु हिरडा, तुरटी व ठसे तो पारखून, जपून ठेवतो. सॉफ्टवेअरच्या बाबतीत तर जवळजवळ सर्वच माल जपून ठेवता येण्याजोगा आहे. तो ठेवला गेला आहे किंवा नाही, हे कढई चढविण्यापूर्वीच विचारून घ्यावयास हवे.