दगडातलं मॅंगनीज वजन करून कसं ओळखायचं?

आपल्या भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथल्या मॅंगनीजच्या खाणी तुम्हाला ठाऊक आहेत. काळा दगड सगळा सारखाच दिसतो. पण त्याचा भाव ठरतो तो आत मॅंगनीज किती टक्के आहे यावर. मग हे आतलं कळायचं कसं? आज ‘मोजणं’ म्हणजे काय, हेच या उदाहरणावरून पाहू.

एक जुनी पद्धत म्हणजे भारात्मक विश्लेषण, म्हणजेच ग्रॅव्हिमेट्री. आपण मॅंगनीज सुटं काढून तोलत नाही. ज्याची रचना पक्की माहीत आहे अशा संयुगात ते बांधतो आणि ते संयुग तोलतो.

आधी ढिगातून नमुना घ्यायचा. दगड कुटून त्याचा ढीग करायचा, चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, बाकीचे टाकायचे. असं पुन्हा पुन्हा. मग बारीक पूड वाळवायची. ओल राहिली तर पाणीही धातुक म्हणून तोललं जातं.

पूड आम्लात विरघळवून लोह आधी वेगळं काढतात. नाहीतर तेही फॉस्फेट होऊन मॅंगनीजच्या खात्यात जमा होईल. नंतर अमोनिया आणि फॉस्फेट घालून गरम केलं की फिकट गुलाबी, रेशमासारखा चमकणारा अवक्षेप बसतो. तो गाळून, धुऊन, क्रुसिबलमध्ये तापवला की मॅंगनीज पायरोफॉस्फेट उरतं. त्यात मॅंगनीज वजनाने 38.7 टक्के.

आता हिशेब. समजा 0.5000 ग्रॅम पुडीतून 0.5812 ग्रॅम पायरोफॉस्फेट मिळालं. त्याला 0.387 ने गुणा: 0.2249 ग्रॅम मॅंगनीज. म्हणजे सुमारे 45 टक्के. आता पायरोफॉस्फेटमध्ये 10 मिलिग्रॅम मळ राहिला, तर उत्तर पाऊण टक्क्याहून जास्त फुगतं. वॅगनभर मालात हा फरक लहान नाही!

विद्यार्थी असताना मी घाईत कोमट क्रुसिबल तराजूवर ठेवलं होतं. गरम भांड्याभोवतीची हवा वर जाते, भांडं हलकं भासतं. माझं उत्तर कमी आलं आणि मी दोष दगडाला दिला. डेसिकेटरमध्ये थंड करून पुन्हा तोललं, तेव्हा चूक कुणाची ते कळलं.

म्हणून नियम असा: तापवा, थंड करा, तोला, पुन्हा तापवा, पुन्हा तोला. लागोपाठ दोन वजनं जुळली की थांबा. तराजू खोटं बोलत नाही, हे अर्धंच खरं आहे. तराजू फक्त वजन सांगतो. ते वजन कशाचं, हे आपल्यालाच सिद्ध करावं लागतं.